पाठीवरचा पहिलवान

हनीफ पिंजारीला मी तालमीत इतक्या वेळा चीत केलंय की शेवटी शेवटी त्यात मजाच उरली नव्हती. पण हे आता कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही. मी मोलगीला आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. बाजाराच्या दिवशी तिथल्या चहाच्या टपरीवर जीपचे ड्रायव्हर मोबाइलवर हनीफच्या लढती बघत बसलेले असतात. त्यांतल्या एकानं मला एकदा विचारलं, "सर, तुम्ही शहाद्याचे ना? ह्याला पाहिलंय का कधी?"

"पाहिलंय म्हणजे? रोज पाडायचो मी ह्याला."

त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं, आणि "हो का सर?" असं फार अदबीनं म्हणून माझ्यासाठी अजून एक चहा सांगितला. तेव्हापासून मी हा विषय काढणं बंद केलं.

शहाद्याला जिनिंगच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांची तालीम होती. वडिलांना सगळा गाव आबा वस्ताद म्हणायचा. आम्ही मूळचे कळसाडीचे. तिथलं शेत चुलत्यांकडे ठेवून आबा तालमीसाठी शहाद्याला येऊन राहिले होते. उभ्या आयुष्यात आबांची पाठ कुणी जमिनीला लावली नाही, असं लोक सांगायचे आणि आबाही ते खोडून काढायचे नाहीत. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. घरात मला बापू म्हणत. कुस्ती मला वारशानं मिळाली होती असं लोकांना वाटायचं. मला ती पहाटे पाचला कान धरून उठवून मिळाली होती.

हनीफ आला तो खोकत. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. आत पिंजणाचं मशीन घरघरत असायचं आणि त्या एवढ्याशा खोलीत कापसाची धूळ धुक्यासारखी भरलेली असायची. त्याची आई त्याला दंडाला धरून घेऊन आली. "वस्तादजी, इसको थोडी देर यहाँ रख लो. अंदर बैठता है तो रातभर खाँसता है." कुस्ती शिकवा असं ती म्हणालीच नाही. पोराला मोकळी हवा मिळावी एवढंच तिचं म्हणणं होतं.

काडीसारखा मुलगा. हात मात्र वाजवीपेक्षा लांब, आणि डोळे कायम अर्धवट झोपेतले. आबांनी त्याला लंगोट दिला आणि माझ्यासमोर उभं केलं. मी पट काढला, तो पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. पडल्यावर हसला. त्या दिवसापासून तालमीत त्याचं नाव पडलं 'गादी'. बाप गाद्या शिवणारा आणि मुलगा कायम पाठीवर. नाव चिकटायला वेळ लागला नाही. हनीफला त्याचं काही वाटलं नाही. कुणी "ए गादी!" अशी हाक मारली की तो "ओ!" म्हणून यायचा.

मला त्याची पहिली चीड आली ती याच गोष्टीची. मी हरलो की दोन दिवस जेवायचो नाही. हा हरला की मातीतून उठून थेट आमच्या घरात जायचा आणि माझ्या आईला म्हणायचा, "माय, आज काय शे?" आई त्याच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा बाजूला काढून ठेवायची. माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझ्याकडून मार खाल्लेला माणूस माझ्याआधी जेवायचा. आणि जेवता जेवता आईला सांगायचा, "आज बापूभाऊनी माले काय फेकं, माय! दखाले पाहिजे व्हतं तुम्ही!" माझं कौतुकसुद्धा तो असा करायचा की ते ऐकून आई त्याच्याच पाठीवरून हात फिरवायची.

त्याच्या एकेक सवयी होत्या. झोप कुठेही यायची. एसटीच्या मागच्या सीटवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर यात्रेतल्या कुस्त्यांत त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो ढोलांच्या शेजारी गाढ झोपलेला सापडला. हस्तांदोलन करताना हात हातात घेतला की लगेच सोडायचा नाही; मनगट, कोपर, दंड असा हळूच चाचपायचा. म्हैस घेणारा माणूस पाठीवरून हात फिरवतो तसा. आणि कुणालाही धरलं की आधी विचारणार, "दुखस का?" कुस्तीत हे विचारतात होय? आबा कातावायचे. "आरे, दुखाले पाहिजे म्हनीसनच धरेल शे ना तू!"

पण आबांना त्याच्यात काहीतरी दिसलं होतं, आणि ते मला दिसत नव्हतं. मी त्याला चीत केला, पंचानं हात वर केला, कुस्ती संपली, तरी मला उठता यायचं नाही. खाली पडलेल्या हनीफचे पाय माझ्या कमरेभोवती वेलीसारखे गुंडाळलेले असायचे. मी हात सोडवला तर मान अडकायची, मान सोडवली तर हात. एकदा आबा ओरडले, "चीत व्हयना ना तू? मंग आते कसाले धरी बठना?"

हनीफ खालूनच म्हणाला, "मी खाले पडनू का माले बरं वाटस, वस्ताद."

सगळी तालीम हसली. आबा हसले नाहीत. ते बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले.

कॉलेजात मी जिल्ह्याला पहिला आलो, विभागात खेळलो, राज्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत गुणांवर हरलो. आबांना तार केली असती तशा थाटात मी फोन केला होता. "गुणांवर गेली," म्हटलं. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "पाठ लागनी नई ना? ये मंग घर." त्यात शाबासकी होती की नव्हती, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. हनीफ तोवर कुस्ती सोडून सुरतेला मामाच्या कापडाच्या दुकानात लागला होता. तो गेल्यावर तालमीत मला बरं वाटलं. आईनं मात्र ठेचा करणं कमी केलं.

सुरतेत दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी जिम काढली होती. तिथे पिंजऱ्यातली कुस्ती शिकवत. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र. आणि त्यात एक गोष्ट अशी होती की जमिनीला पाठ लागली म्हणून कुणी हरत नाही. उलट पाठीवर पडूनच समोरच्याचा हात किंवा गळा असा धरायचा की त्यानं हातानं थापटून 'हरलो' म्हणावं. त्याला सबमिशन म्हणतात. हनीफच्या आयुष्यात हा नियम असा आला, जणू कुणी त्याच्यासाठीच बसून केला होता.

पुढच्या ईदला तो घरी आला तेव्हा शीरखुर्म्याचा डबा घेऊन तालमीत आला. खोकला गेला होता. खांदे भरले होते. डोळे तसेच झोपाळू. आबा म्हणाले, "काय शिकना तठे? दखाड जरा." आणि माझ्याकडे बोट केलं.

मी त्याला नेहमीसारखा उचलला आणि आपटला. नेहमीसारखी त्याची पाठ मातीला लागली. मला वाटलं झालं. तो खालून शांतपणे म्हणाला, "चीत व्हयनू ना, बापूभाऊ? आते पुढे."

त्याचा एक पाय माझ्या मानेवर आला. दुसऱ्या पायानं त्याला कुलूप लागलं. माझाच दंड माझ्याच गळ्यावर दाबला जाऊ लागला. मी जितका जोर करत होतो तितका तो फास माझ्या जोरानंच आवळत होता. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. थापटायचं असतं हे मला माहीत होतं. मी थापटलं नाही. आबा समोर उभे होते.

मग फास एकदम सैल झाला. हनीफ उठून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुटनात बापूभाऊ! ताकद भलती शे!"

मी सुटलो नव्हतो. त्यानं सोडलं होतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्यांनाही माहीत होतं. त्यानं मला थापटायला लावलं असतं तर मी एखाद्या महिन्यात विसरलो असतो.

पण खरी गोष्ट पुढे झाली. आबांनी सदरा काढून खुंटीला लावला. आखाड्यात उतरले. आणि साठी उलटलेला तो माणूस, ज्याची पाठ कधी कुणी जमिनीला लावली नव्हती, तो सगळ्या तालमीसमोर स्वतःहून मातीत उताणा झाला. "चाल. माले शिकाड," म्हणाले. हनीफ गडबडला. "वस्ताद, तुम्ही नका..." "आरे, शिकाड म्हनस ना! पाय कठे ठेवाना?" हनीफ त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्याच मानेवर ठेवून दाखवू लागला. आबा त्या डावाला कैची म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. ते हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्यांनी शेकडो डाव शिकवले असतील, पण माझ्याकडून कधी काही शिकले नाहीत. माझ्याकडे त्यांना नवीन असं काही नव्हतंच. मी म्हणजे तेच होते, थोडे कमी.

त्यानंतर हनीफची गाडी सुटली. इंदूर, पुणे, दिल्ली, मग परदेशात. ठोसा मारायला तो कधीच शिकला नाही. कुणाच्या तोंडावर बुक्की मारायची म्हणजे त्याला स्वतःलाच लाज वाटायची. मार खायचा, खाली पडायचा, आणि एकदा खाली पडला की समोरच्याची वेळ भरली. आपल्याला वर बसलेला माणूस जिंकताना दिसतो, आणि अचानक तोच थापटायला लागतो. शहाद्याच्या स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात त्याची लढत लागली की रिक्षावाले रिक्षा सोडून येत. जिंकल्यावर तो नाचायचा नाही, की कठड्यावर चढून बोंबलायचा नाही. बेशुद्ध झालेल्या गड्याचे पाय उचलून धरायचा, रक्त डोक्याकडे उतरावं म्हणून. डॉक्टर पळत येईपर्यंत तसाच उभा. त्याचा तोच फोटो स्टँडवरच्या फलकावर लागला होता. मी नंदुरबारला जाताना त्या फलकाखालीच उभा राहून एसटीची वाट बघायचो, आणि ओळखीचे लोक मला विचारायचे, "बापूसाहेब, हा तुमच्या तालमीचा ना?" तालीम माझी, वडील माझे, माती माझी, आणि फोटो त्याचा.

विजेतेपदाच्या पट्ट्याच्या लढतीचं बोलावणं आलं तेव्हा हनीफनं आबांना फोन केला. आबांचे गुडघे तोवर गेले होते. तरी म्हणाले, मी जाणार. माझ्या एकाही स्पर्धेला ते जिल्ह्याबाहेर आले नव्हते. तालीम कुणावर टाकून यायचं, असं म्हणत. आता तालीम बंद होती, तेव्हा तो सवालही नव्हता. मी त्यांना घेऊन मुंबईला गेलो. मोठं बंदिस्त सभागृह, मधोमध जाळीचा पिंजरा, कानठळ्या बसवणारं संगीत. आबा टोपी सावरत पहिल्या रांगेत बसले. हनीफनं पिंजऱ्यात शिरण्याआधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कॅमेरे वळले. मी शेजारीच होतो. टीव्हीवर माझं कोपर दिसलं, असं बायकोनं नंतर सांगितलं.

समोरचा पंजाबचा गडी होता, उंच आणि दणकट. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं हनीफला तुडवला. डोळा सुजला, ओठ फुटला. तिसऱ्या फेरीत त्यानं हनीफला खाली दाबला आणि सभागृह उठून उभं राहिलं. आबा मात्र माझ्या मांडीवर हात दाबून म्हणाले, "आते दख." पाय वर गेला. कैची लागली. त्या गड्याचा दंड त्याच्याच गळ्यावर आला. तो थापटत नव्हता. मी ओळखलं, मीही थापटलं नव्हतं.

आणि हनीफनं सोडलं. पंचाकडे बघून तो काहीतरी बोलला, हातानं खूण केली, की हा गेला, बेशुद्ध आहे. पंच पलीकडच्या बाजूला होता. त्याला गड्याचा चेहरा दिसला नव्हता. तो वाकून बघेपर्यंत गड्यानं डोळे उघडले होते आणि तो मान हलवून 'मी ठीक आहे' म्हणत होता. पंचानं लढत चालू ठेवली. हनीफनं वाद घातला नाही. उरलेला वेळ मार खाल्ला आणि निकालात हरला. पट्टा त्या गड्याच्या कमरेला बांधला गेला.

आत खोलीत गेलो तेव्हा हनीफ बाकावर बसून सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरत होता. मला राहवलं नाही. "अरे, का सोडलंस? पंच सांगेपर्यंत धरायचं असतं!"

"तो गया व्हता, बापूभाऊ. हातले समजस."

"पंचाला समजायला नको का?"

"पंचले समजस तवलग त्या गडीनं काय व्हतं? दोन-चार सेकंद जास्त धरं ते मानूस उठस नई कधी कधी."

मी आबांकडे पाहिलं. पंचाची शिट्टी होईपर्यंत पकड सोडायची नाही, हे मला त्यांनी वेताच्या छडीनं शिकवलं होतं. एकदा मी शिट्टीआधी पकड ढिली केली म्हणून मला त्यांनी दिवसभर उन्हात उठाबशा काढायला लावल्या होत्या. मला वाटलं, आता ते हनीफला चार शब्द सुनावतील. मी त्याची वाटच बघत होतो.

आबा त्याच्या शेजारी बाकावर बसले. त्याच्या हातातला बर्फ घेऊन स्वतः त्याच्या डोळ्यावर धरला. म्हणाले, "मी बी सोडी देतू."

ते खोटं होतं. आबांनी कधीच सोडलं नसतं. पण त्याच्यासाठी त्यांनी आपला जन्मभराचा नियम एका वाक्यात मोडला, आणि मोडताना त्यांना जरासुद्धा जड गेलं नाही. हनीफ हरला म्हणून वाईट वाटायला हवं होतं. मला त्या बर्फाचं वाईट वाटत होतं.

त्या हरण्यानं तो जिंकण्यापेक्षा मोठा झाला. सोडल्याचा तो व्हिडिओ मोलगीपर्यंत पोचला. पंजाबच्या त्या गड्यानं स्वतः त्याला घरी जेवायला बोलावलं, असंही ऐकलं. हरावं तरी त्याच्यासारखं, असं माझ्या मनात आलं. मी गुणांवर हरलो तेव्हा कुणी मला चहालासुद्धा बोलावलं नव्हतं.

पट्ट्याची दुसरी संधी आली नाही. सुरतेत सराव करताना एक नवखा मुलगा त्याच्या मानेवर वेडावाकडा पडला. मणके सरकले. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पिंजरा कायमचा बंद म्हणून सांगितलं. तो शहाद्याला परत आला. मी भेटायला गेलो. खरं सांगायचं तर मला त्याला एकदा उदास बघायचं होतं.

दुकानात नव्या गाद्यांच्या चळतीवर तो उताणा पडला होता, गळ्याला पट्टा. एका हातानं रजईला टाके घालत होता आणि वडिलांशी धाग्याच्या रंगावरून वाद घालत होता. वडील मला बघून आत निघून गेले. पिंजणाच्या घरघरीत त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि मारामारीचा हा धंदा त्यांना कधीच पसंत नव्हता.

"बठा, बापूभाऊ. गादीवरच बठा, नवी शे."

मी बसलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो छताकडे बघत म्हणाला, "एक गोट सांगू? माले तुमनी भलती जलन व्हये."

"माझी?"

"धाकलपनपाईन. आबा तुमले पहाटे कान धरीसन उठाडेत ना, ते माले आमना घरमा ऐकू ये. मन्हा बाप एक बी कुस्ती दखाले वना नई. माले वाटे, आपला बी कान कोनी तरी धराले पाहिजे." आणि तो हसला, पट्ट्यामुळे मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी.

इतकी वर्षं मी जे दात आवळून लपवत होतो, ते त्यानं टाका घालता घालता बोलून टाकलं होतं. हेवासुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगला करता येत होता. मी "असं काही नसतं रे" असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा न घेता उठलो.

काही महिन्यांनी त्याला सुरतेच्या त्याच जिमनं शिकवायला बोलावलं. मी सुट्टीला शहाद्यात होतो. आबा सकाळीच धोतर नेसून तयार होऊन बसले होते. "स्टँडवर चाल. हनीफ जाई ऱ्हायना."

स्टँडवर कापूस वेचणीहून परतणाऱ्या लोकांची गर्दी होती. गाठोडी, पोरं, कोंबड्या. हनीफनं आबांचे पाय धरले. वाकता येत नव्हतं म्हणून आख्खा गुडघ्यावर बसला. माझा हात हातात घेतला आणि सवयीनं मनगट, कोपर चाचपलं. "सांधा आखडना, बापूभाऊ. तेल लावा." मग तो सुरतेच्या गाडीत चढला आणि खिडकीशी बसला.

आबा आणि मी मागच्या बाजूला उभे होतो. गाडी सुरू झाली. खिडकीतून मागे वळून बघायचं तर मान वळली पाहिजे, आणि त्याची मान वळत नव्हती. तेव्हा हनीफ सीटवरून अर्धा उठला, शेजारच्या बाईला जवळजवळ रेटून त्यानं कमरेपासून सगळं अंग फिरवलं, आणि तसाच वाकडा उभा राहून मागे बघू लागला. गाडी फाटकातून वळेपर्यंत तो तसाच होता. तो आबांकडे बघत होता की माझ्याकडे, ते मला कळलं नाही.

मी आबांच्या आधी हात वर केला.